शेकोटीचे पैसे वेगळे

डिसेंबरात पुण्याचा पारा दहाच्या खाली उतरला, पेपरात पहाटेच्या शेकोटीला बसलेल्या चार माणसांचा फोटो छापून आला, की पुणेकर थंडी अनुभवायला कोकणात जातो. या वाक्यात काही खटकण्यासारखं आहे असं ज्याला वाटतं, तो पुणेकर नव्हे.

घरची थंडी फुकट असते, पण तिला कामं चिकटलेली असतात. गीझरला नंबर लावायचा, पोरांना कानटोप्या घालून अंधारात स्कूलबससाठी उभं करायचं, गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली गॅसशेजारी ठेवायची आणि बाटलीच वितळली की कुणी ठेवली याची चौकशी करायची. अशा थंडीची मजा घेता येत नाही. मजेसाठी थंडी परगावची लागते. हल्ली तर ती समुद्राकाठची लागते, कारण मोबाइलवर रोज कुणीतरी अंगावर शाल घेऊन, हातात वाफाळता मग धरून समुद्राकडे बघत बसलेलं असतं. तो समुद्र स्कॉटलंडचा की नॉर्वेचा, याची चौकशी कुणी करत नाही. त्यांच्याकडे समुद्र आहे आणि शाल आहे, मग आपल्याकडे दापोलीजवळचं अंजर्लं आहे.

इथे भूगोल आडवा येतो. शाळेत आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती काढलेली आहे आणि बाणांची दिशा उलटी दाखवून मार्कही घालवलेले आहेत. त्या आकृतीचा मथितार्थ एवढाच, की पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे समुद्राकाठच्या गावाला मोठा गारठा सहसा सोसावा लागत नाही. दिवसा खारा वारा समुद्रावरून येतो. रात्री जमीन निवाली की मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो आणि पहाटे जरा हुडहुडी भरते. झाली कोकणची थंडी. दुपारी पुन्हा बत्तीस-तेहेतीस अंश. ऐन हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी देशातलं सर्वांत जास्त तापमान रत्नागिरीत नोंदवलं गेल्याची ओळ हवामान खात्याच्या पत्रकात झळकते आणि नेमकी त्याच आठवड्यात आपली रत्नागिरी जिल्ह्यातली खोली बुक असते.

दापोलीचं वेगळं. दापोली समुद्रापासून जरा आत आणि उंचावर आहे. इंग्रजांनी तिथे लष्कराची छावणी टाकली, म्हणून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. तिथल्या कृषी विद्यापीठातला पारा हिवाळ्यात कधी कधी थेट पुण्याशी स्पर्धा करतो आणि बातमीदार 'मिनी महाबळेश्वर गारठले' असा मथळा देऊन मोकळे होतात. तो मथळा वाचून लोक बुकिंग मात्र खाली समुद्रावर करतात.

आमच्यात तो मथळा भावजींनी वाचला. भावजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. प्रत्येक कुटुंबात सहलीचा एक सेनापती असतो, त्याला कुणी नेमलेलं नसतं आणि काढताही येत नाही. भावजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'विंटर बाय द सी' नावाचा गट काढला, त्यात माझ्या सासूबाईंनाही घातलं आणि "यंदा जरा कोझी काहीतरी करू या" असं जाहीर केलं. सासूबाईंनी त्यावर हात जोडल्याची खूण पाठवली. त्या सगळ्यालाच ती पाठवतात. मग भावजींनी अंजर्ल्यातल्या एका घरगुती मुक्कामाच्या काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"थंडी आहे ना हो तुमच्याकडे?"

"आहे."

"म्हणजे साधारण किती?"

"रात्रीची असते."

"शेकोटी वगैरे करता का?"

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काका म्हणाले, "सांगितलीत तर करू. शेकोटीचे पैसे वेगळे."

कोकणी यजमान फोनवर खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतो. दिवसा थंडी असते का, हे भावजींनी विचारलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर घरात बांधाबांध चालली होती. माळ्यावरचे स्वेटर खाली आले, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता म्हणून ते गच्चीवर गेले, तिथून ते बॅगेत गेले आणि बॅग बंद होईना म्हणून पोहण्याचे कपडे बाहेर राहिले. नवऱ्याने काश्मीरहून आणलेला फिरन घेतला. तो काश्मीरमध्येसुद्धा वापरला नव्हता. सासूबाईंनी फक्त आपली नेहमीची सुती शाल घेतली. "कोकणात कसली थंडी," असं त्या म्हणाल्या, पण ते गटावर न लिहिता तोंडी म्हणाल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

निघालो ते पहाटे, आणि खरं सांगायचं तर आमच्या हिवाळी सहलीतला हिवाळा पौडपासून ताम्हिणीपर्यंत होता. मुळशीच्या पाण्यावर धुकं, काचांवर दव, टपरीवर चहा घेताना तोंडातून वाफ. सगळे स्वेटरात, भावजी कानटोपीत. इथे सुमारे चाळीस फोटो निघाले, ते पुढे 'कोकण' या नावाने सगळ्यांना पाठवण्यात आले. घाट उतरला तशी माणसं सोलली जाऊ लागली. विळ्याला मफलर उतरले. निजामपूरला कानटोपी. माणगावला स्वेटर. तिथून काही अंतर मुंबई-गोवा महामार्गाने जावं लागतं, आणि हा रस्ता 2011 पासून चौपदरी होत असल्यामुळे त्यावर घाम वेगळ्या कारणाने येतो. लोणेऱ्याला फाटा घेऊन आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडली आणि रत्नागिरी जिल्हा लागला, तेव्हा नवरा फिरनच्या आत काय घातलंय याचा विचार करत होता. मंडणगडात काचा खाली झाल्या. समुद्र दिसायच्या आत काचा पुन्हा वर झाल्या आणि सासूबाईंनी विचारलं, "अहो, तो एसी चालतो का?"

या सगळ्या वाटेवर आंब्याखालोखाल पाट्यांचं पीक चांगलं येतं. 'सी व्ह्यू', 'सी फेस', 'सी टच'. 'व्ह्यू' म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढल्यास समुद्र दिसतो. 'फेस' म्हणजे इमारतीचं तोंड समुद्राकडे आहे, मधे काय आहे ते विचारू नये. 'टच' म्हणजे हॉटेल आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त एक शाळा, एक पतसंस्था आणि दुसरं हॉटेल. आमच्या काकांच्या फाटकावर यातलं काही नव्हतं. पत्र्यावर रंगाने 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' एवढंच, आणि त्याखाली 'नारळ पडतात, गाडी बघून लावा'.

अंजर्ल्याचा रस्ता हा या गावातला मुख्य करमणुकीचा कार्यक्रम आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे, त्यापलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत कौलारू घर, आणि मधून गेलेला रस्ता बैलगाडीच्या मापाचा. त्यावर नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या गाड्या समोरासमोर येतात. दोन्ही चालकांनी गाडी रुंदीकडे बघून घेतलेली असते आणि मागे घेण्याचा सराव कुणालाच नसतो. मग बाजूच्या पडवीतून एक गृहस्थ लुंगी सावरत उठतात आणि गडग्यापाशी येऊन उभे राहतात. "घ्या. घ्या. घ्या. अजून घ्या. बास." हे 'बास' नेमकं गडग्याला घासल्याच्या आवाजानंतर येतं. त्या गृहस्थांना त्यात दुष्टावा वगैरे नसतो. गडगा त्यांचा असतो, तो कुठवर सोसतो हे त्यांना ठाऊक असतं. आमच्यापुढे असा प्रसंग आला तेव्हा दोन्ही गाड्यांतली मंडळी उतरली, बोलता बोलता दोघेही कोथरूडचे निघाले, आणि मग कोण मागे घेणार हा प्रश्न कायमचा अवघड होऊन बसला.

काकांनी स्वागत केलं ते "या. पाणी घ्या," एवढ्यावर. अंगण सारवलेलं, त्यात सुपारी वाळत घातलेली, त्यामुळे अंगणात कुठून चालायचं हे समजेपर्यंत अर्धा तास गेला. भावजींनी छाती भरून श्वास घेतला आणि विचारलं, "काका, थंडी कुठे आहे?" काकांनी आकाशाकडे पाहिलं. त्या दिवशी वर ढग होते.

"वा! ढगाळ हवा! काय रोमँटिक वातावरण आहे," भावजी म्हणाले.

काका काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. नंतर समजलं ते असं, की कोकणात थंडीची खरी वाट बघतं ते आंब्याचं कलम. रात्री चांगली थंडी पडली, हवा कोरडी राहिली, की मोहोर फुटतो. आणि मोहोर फुटलेला असताना ढग आले, दमट झालं, की त्यावर तुडतुडे बसतात, भुरी पडते, मोहोर काळा होऊन गळतो. फवारणीचा खर्च वेगळा. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, कोकणातल्या पाच जिल्ह्यांची नावं त्या कागदावर आहेत, पण ढगांना ते कुणी कळवलेलं नाही. संध्याकाळी चहा देताना काका एवढंच म्हणाले, "तुमचं रोमँटिक झालं की आमची फवारणी होते." त्यानंतर भावजी आकाशाविषयी मत देताना आधी काकांकडे बघू लागले.

काका थंडीबद्दल आमच्यापेक्षा जास्त बोलत होते, पण पाहुण्यांशी नव्हे. शेजारचे गृहस्थ गडग्यावर कोपर टेकून उभे राहत आणि दोघांचं चाले. "काल बरी होती." "पहाटेस होती जरा." "दापोलीस म्हणे नऊवर आला." "दापोलीस येऊन काय करायचाय?" यात कुठे शाल नव्हती की मग नव्हता. आम्ही दोघांच्या मधून समुद्राकडे जाताना ते थांबत आणि आम्ही गेलो की पुन्हा सुरू करत. पुढच्या मे महिन्यात आपण डझनाचा भाव ऐकून "परवडत नाही बुवा" म्हणतो तो भाव इथे, डिसेंबरात, गडग्यावर ठरत असतो. आपण त्या वेळी शेजारून चड्डीवर समुद्रात चाललेले असतो.

समुद्रावर कुरव होते. कुरव म्हणजे ते पांढरे-राखाडी पक्षी, ज्यांना आपण सरसकट 'सीगल' म्हणून कुरकुरे टाकतो. कुरकुरे टाकू नयेत, पण तो दुसरा लेख होईल. त्यांच्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडून आलेले असतात, तिथली तळी गोठायला लागली की खाली उतरतात. हिवाळ्यात त्यांच्या डोक्याचा तपकिरी रंगही जातो, कानाजवळ एक काळपट ठिपका तेवढा उरतो. म्हणजे बघा, आमच्यासमोर जो पक्षी वाळूत एका पायावर उभा होता तो हिमालय ओलांडून इथे उबेला आला होता, आणि आम्ही ताम्हिणी ओलांडून इथे थंडीला आलो होतो. दोघांपैकी एकाचा अभ्यास कच्चा होता. पक्ष्याच्या अंगावर फिरन नव्हता एवढं मी पाहिलं.

कासवाचीही चौकशी झाली. वेळासच्या कासवांचं नाव आता सगळीकडे झालंय, तिथे 2002 पासून संवर्धनाचं काम चालू आहे, आणि अंजर्ल्याच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात. पण पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर फेब्रुवारी-मार्चपासून पुढे यावं लागतं. डिसेंबरात येते ती मादी, रात्री, अंधारात, आणि टॉर्च मारून तिचं स्वागत करणारी माणसं तिला अजिबात नको असतात. गावातली राखण करणारी मुलं तिच्या पावलांच्या खुणा शोधत पहाटे किनाऱ्यावर फिरतात, अंडी मिळाली की कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. त्यातल्या एकाने आम्हाला सांगितलं, की पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू गार असली तर नर, गरम असली तर मादी. नवरा म्हणाला, "म्हणजे थंडीत मुलगे?" नणंद म्हणाली, "म्हणूनच उठत नाहीत सकाळी." तेवढ्यापुरता जीवशास्त्राचा तास संपला.

पोटाचा प्रश्न लवकरच आला. काकूंचं स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी, आणि आमच्यात निम्मी जनता मासे खाणारी. समुद्रकाठी येऊन कुळथाचं पिठलं खायचं हे त्या निम्म्या जनतेला पटेना. खाऊन बघितल्यावर पटलं, पण तोवर गाडी हर्णैला निघाली होती. खाडीवर पूल झाल्यापासून अंजर्ल्याहून हर्णै अगदी हाकेवर आलंय, पूर्वी होडीने पलीकडे जावं लागे. हर्णैच्या बंदरावर दुपार कलल्यावर मासळीचा लिलाव सुरू होतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे होड्या, आणि पाण्यात शिरून मासळी आणणाऱ्या बैलगाड्या. बैल गुडघाभर पाण्यात शांत उभे असतात, गोंधळ सगळा माणसांचा. वाळूवर ढीग ओतले जातात, भोवती कोंडाळं जमतं, आणि कुणी काय बोललं हे कळायच्या आत ढीग विकलेला असतो. आपल्याला वाटतं अजून सुरू व्हायचाय.

भावजींनी एका मावशींच्या टोपलीतल्या कोळंबीकडे बोट दाखवून विचारलं, "फ्रेश आहे का?"

कोळंबी उडत होती. मावशी म्हणाल्या, "तिलाच विचार."

भाव ठरला, म्हणजे मावशींनी सांगितला आणि भावजींनी "ठीक आहे" म्हणून घासाघीस केल्याचा चेहरा केला. मग आणलेलं शिजवायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. तिथल्याच एका खाणावळीत करून देतात. त्या खाणावळीत पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि फिरन घातलेला माझा नवरा सोलकढीचा तिसरा पेला मागत होता. फिरन काढत का नाही, असं विचारलं तर म्हणाला, आणलाय तर घालतो.

तिथून पुढे मुरुडला गेलो. धोंडो केशव कर्वे या गावात वाढले. ते विद्यार्थी असताना परीक्षा साताऱ्याला होती, आणि हा मुलगा बरोबरच्या सोबत्यांसह भर पावसात डोंगर ओलांडत मुरुडहून साताऱ्याला चालत गेला. तिथे पोचल्यावर परीक्षकांनी "वय कमी दिसतं" म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे याच माणसाने स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, 104 वर्षं जगला आणि शंभरीला भारतरत्न झाला. हे मी गाडीत वाचून दाखवत होते तेव्हा भावजी "अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते ना?" अशी चौकशी करत होते. जाते. पायऱ्याही आहेत. सासूबाई पायऱ्यांनी गेल्या.

आता शेकोटी.

ती काकांनी जेवणानंतर, वाडीच्या टोकाला, वाळू सुरू होते तिथे रचली. सामान घरचंच होतं, वाळलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं, पोफळीच्या विऱ्या, वर्षभराचा पाचोळा. सोडण एकदा पेटलं की हळूहळू निखारा धरतं, पण झावळी पेटली की पुरुषभर ज्वाळा उठते. भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भावजींच्या सूचनेनुसार सगळे स्वेटर घालून आले. हवा त्या वेळी साधारण पंख्याची होती.

पहिली ज्वाळा उठली तेव्हा सगळ्यांनी "अहाहा" म्हटलं आणि खुर्च्या एक वीतभर मागे घेतल्या. दुसरी झावळी पडली, खुर्च्या हातभर मागे. अंताक्षरी सुरू झाली. 'म' वर गाणं अडलं तेव्हा वर्तुळ इतकं मोठं झालं होतं की पलीकडच्या बाजूला काय गातात ते ऐकू येईना. भावजी एकटे जागेवर टिकून होते. त्यांचं कपाळ चमकत होतं आणि ते "हीच तर मजा आहे" असं म्हणत होते, कुणीही काही विचारलेलं नसताना. नणंद गडग्याला टेकली, नवरा फिरनसकट अंधारात गेला आणि परत आला तेव्हा बनियनवर होता. फोटो मात्र उत्तम आले. फोटोत तापमान दिसत नाही.

"काका, पोपटी पण करा ना," भावजींनी नवं फर्मान सोडलं. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ घालून, कांदे-बटाटे, कुणी अंडी, कुणी कोंबडीही भरून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. थंडीतला फार सुंदर प्रकार आहे. पण काकांनी हातातली काठी थांबवली.

"ती रायगडात करतात," ते म्हणाले.

"हो, पण मडकं असेल तर..."

"सावित्रीच्या पलीकडे."

विषय संपला. परदेशी पदार्थाची मागणी केल्याबद्दल आम्हाला माफ करण्यात आलं आणि त्याऐवजी काकूंनी उकडलेले करांदे पाठवले. करांदा किंचित कडू असतो, पहिल्या घासाला माणूस विचारात पडतो, तिसऱ्याला हात आपोआप पुढे जातो. सासूबाईंनी तेव्हा शेकोटीच्या बाजूने एकमेव जमेची नोंद केली, "धुराने डास गेले हो."

रात्री आम्ही पंखे लावून, रजया पायाशी ढकलून झोपलो. थंडी आली ती त्यानंतर, पहाटे चारच्या पुढे, मतलई वाऱ्याबरोबर, आणि अगदी चांगली आली. पण तेव्हा बघायला आमच्यापैकी कुणी नव्हतं. सासूबाई सोडून.

त्या पाच वाजता उठल्या, अंगावर सुती शाल घेतली आणि मागीलदारी गेल्या. तिथे काकूंनी न्हाणीची चूल पेटवलेली होती, वर तांब्याचं तपेलं. काकूंनी पाट दिला. दोघी चुलीपुढे बसून राहिल्या. बाहेर पोफळींतून दव टपटपत होतं, आत सोडणाचा निखारा, हातात बिनदुधाचा आल्याचा चहा, आणि विषय काकूंच्या मुलीचं बाळंतपण. मग शेगडीवरून गुरगुट्या भात उतरला, त्यावर मेतकूट आणि तूप. मग सूर्य माडांच्या वर आला आणि थंडी उठून गेली. साडेआठला आम्ही उठलो, तेव्हा सासूबाई आंघोळ, पूजा आणि दोन नाश्ते आटोपून ओटीवर बसल्या होत्या.

"थंडी पडली होती हो पहाटे," त्या म्हणाल्या. "छान."

भावजींच्या चेहऱ्याकडे बघवेना. एवढा गट काढला, मेन्यू ठरवला, शेकोटी ठरवली, आणि मोबाइलवरच्या चित्रातलं सगळं, शाल, वाफ, ऊब, हे गटावर फक्त हात जोडणाऱ्या बाईला मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचचा गजर लावला. गजराने खोलीतले सगळे उठले, भावजी वगळता.

निघायच्या दिवशी गाडीच्या डिकीत आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि एक नारळाची पिशवी भरली. स्वेटर मांडीवर घ्यावे लागले. काकांनी हिशोब कालनिर्णयाच्या पाठीमागे पेन्सिलीने केला. जेवणं माणशी, खोल्यांचे, चहा धरला नाही. मोदक जास्तीचे वाढले होते, तेही धरले नाहीत. "ते पोराटोरांनी खाल्ले, ते काय धरायचे." मग शेवटी एक ओळ आली, शेकोटी, आणि समोर चांगला भरभक्कम आकडा.

भावजींनी पैसे दिले, पण चौकशी केल्याशिवाय राहवलं नाही. लाकडं तर घरचीच होती, मग एवढे?

"लाकडं कुठली, पाचोळा होता," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "वाडी साफ करायला गडी लावला तर तो पैसे घेतो. तुम्ही दिलेत, बरं झालं. पुढच्या आठवड्यात मुंबईची पार्टी आहे, पलीकडचा कोपरा त्यांना ठेवलाय."

कोकणी माणसाला पर्यटन जमत नाही, असं म्हणणाऱ्या विद्वानांना मी हा हिशोब दाखवायला तयार आहे.

तर जाणार असाल तर जरूर जा, डिसेंबर-जानेवारीतच जा. स्वेटर एकच घ्या, तो ताम्हिणीत लागतो. आकाशात ढग दिसले तर तोंडातून कौतुक काढू नका. रस्त्यात समोरून गाडी आली तर आपण आधी मागे घ्या, गडगा लोकांचा असतो. पहाटे पाचला उठवायला काकूंना सांगून ठेवा, गजरावर विसंबू नका. आणि मोदक हवे असतील तर आदल्या रात्री जेवणाच्या आधी सांगा, जेवणं झाल्यावर काकू नारळ खवायला बसत नाहीत.